बिऱ्हाडाची बांधाबांध

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्यावर स्वतःचे बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग बहुधा आला नसावा. विंचवाची मादी बिऱ्हाड पाठीवर वाहते हे खरे. सेमाडोहच्या आमच्या न्हाणीतील दगडाखाली ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्या बिऱ्हाडात पिले तेवढी असतात. पाटा-वरवंटा, लोणच्याच्या बरण्या, गव्हाची कोठी आणि नऊ वर्षांची मासिके घेऊन कोणताही विंचू आजवर घाट उतरलेला नाही. तो योग गेल्या उन्हाळ्यात आमच्या नशिबी आला.

बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा आम्ही मोठ्या निर्धास्तपणे म्हणालो, “आपले सामान ते काय! एका फेरीचे काम.” सेमाडोह हे मेळघाटातले सिपना नदीकाठचे गाव, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. सभोवार सागाचे रान आहे, आणि नदीचे नावही कोरकू भाषेतील सागाच्या नावावरूनच पडलेले आहे. मोह घालणारी दुकाने जिथे नाहीत, तिथे शिक्षकाच्या घरी साठणार ते काय, अशी आमची समजूत. ती पहिली फळी रिकामी करताच पार ढासळली. बाजार जितका दूर, तितका घरातला संग्रह मोठा, हा अर्थशास्त्राचा नियम आम्हांस तेव्हा उमगला. पावसात घाट बंद पडला तर असावे म्हणून आणलेल्या काड्यापेट्या, साबणाच्या वड्या, दोन कंदील, एक मोडका स्टोव्ह आणि त्या स्टोव्हच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या पिना, असा एकेक ऐवज बाहेर येऊ लागला. स्टोव्ह टाकावा असे आम्ही सुचविले. पिना नव्या आहेत, या सबबीवर गृहिणीने त्यास जीवदान दिले.

शहरांत हल्ली बांधाबांध करून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांची माणसे सकाळी येतात, पुठ्ठ्याच्या खोक्यांत सारे घर भरतात आणि दुपारी निघून जातात. आजीची चांदीची वाटी आणि बाजारातली पोलादी वाटी त्यांच्या हातांना सारखीच, म्हणूनच ते काम इतके भराभर उरकते. आपल्या स्वतःच्या हातांना ही समदृष्टी साधत नाही. प्रत्येक वस्तू हाती आली की ती काहीतरी विचारते. हा गडवा कोणी दिला? हे स्वेटर कोणाचे अर्धे राहिले? एका डब्यात वडिलांचा चष्मा सापडला, आणि त्या दिवशी पुढचे काम झाले नाही.

तरी आठ दिवसांत काही शास्त्र हाती लागले. पुस्तकांचे वजन ती वाचून कळत नाही, उचलून कळते. म्हणून ती लहान खोक्यांतच भरावी. जड ते तळाशी, हलके ते वर. चिनीमातीच्या बरण्यांस वर्तमानपत्रापेक्षा जुनी लुगडी बरी, आणि बरणीचे पोट रिकामे न ठेवता त्यात मोजे-टोप्या कोंबाव्या. एक पेटी मात्र सर्वांच्या शेवटी गाडीत चढवून सर्वांच्या आधी उतरवायची. तीत दुधाचा गंज, चहा-साखर, काडेपेटी, चादरी, औषधे आणि मुलीच्या शाळेचा दाखला. गृहिणीने एका वहीत प्रत्येक नगास आकडा दिला, पुढे आतील वस्तू लिहिल्या आणि शेवटी ‘पोहोचले’ असा एक रकाना आखला. या वहीत एक शब्द वारंवार येऊ लागला: ‘किरकोळ’. नग 17, स्वयंपाकघर, किरकोळ. नग 23, देवघर, किरकोळ. चष्मा आणि अर्धे स्वेटर याच सदरात गेली.

मुलीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला तेव्हा आमची पंचाईत झाली. त्यात साळिंदराचे काटे होते, सागाच्या बिया होत्या, सिपनेतले गुळगुळीत गोटे होते आणि तळाशी चितळाच्या शिंगाचा एक तुकडा होता. शिंग आपोआप गळून पडलेले असले, तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बाळगता येत नाही. व्याघ्रप्रकल्पाच्या रानातून तर साधा काटाही परवानगीवाचून नेऊ नये. हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगत आलो. आमच्याच घरातला डबा मात्र कधी उघडून पाहिला नाही. मुलीपुढे हे कबूल करताना आमची मान खाली गेली. ती रडली नाही. “जिथले तिथे ठेवू,” एवढेच म्हणाली, आणि प्रत्येक वस्तू कुठे सापडली ते सांगू लागली. शिंग आम्ही वनरक्षकाच्या स्वाधीन केले. बाकीचे तिने नदीकाठी नेऊन ठेवले. त्रेचाळीस नगांतील दहावा हिस्सा वस्तू तरी कुठून आल्या, हे आम्हांस तिच्यासारखे सांगता आले नसते.

ट्रक आला त्या सकाळी शेजारचा कोरकू म्हातारा दोर आवळायला आला. त्याची गाठ ओढली की घट्ट बसे आणि एका झटक्यात सुटे. काम आटोपल्यावर तो चाकाशी बसून म्हणाला, “गुरुजी, तुमच्यासाठी आज टरक आला. माह्या बहिणीच्या गावाले असेच टरक आले होते. सारं गेलं. मुठवा देव तेवढा राह्यला.”

मुठवा हा कोरकूंचा ग्रामदेव. गावच्या झाडाखाली दगडांच्या रूपात तो असतो. जवळच कुठेतरी पूर्वजांच्या नावाने उभारलेल्या सागवानी फळ्या असतात, त्यांवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले. मेळघाटात 1974 साली व्याघ्रप्रकल्प झाला, आणि पुढे त्याच्या गाभ्यातील गावे बाहेर हलविण्यास आरंभ झाला. बोरी, कोहा, कुंड ही गावे आधी उठली आणि खाली अकोला जिल्ह्यात, अकोटच्या सपाटीवर वसली. मागून इतरही गेली. 2006 साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन गावकऱ्यांच्या संमतीची अट आली; 2008 मध्ये कुटुंबामागे 10 लाख रुपयांची मदत ठरली, आणि 2021 मध्ये ती 15 लाख झाली. वाघाला निवांत रान हवे, हे आम्ही मानतो. रस्ता, दवाखाना आणि मुलांची शाळा यांच्या ओढीने आपणहून उठलेली कुटुंबेही आहेत. त्यांच्या निवडीस नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु 2019 च्या जानेवारीत, अकोट तालुक्यात वसविलेल्या काही गावांतले लोक आपल्या जुन्या गावठाणांत परतले आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. त्यांच्या तक्रारी पुनर्वसनाच्या अटींविषयी होत्या. म्हाताऱ्याचे बोल ऐकल्यापासून आम्हांस मात्र वाटते की, त्या परतीत काही वाटा वहीत न लिहिलेल्या नगांचाही असावा. घर, शेत, विहीर, झाडे यांची मोजणी होते आणि झालीच पाहिजे. मुठव्यासाठी कोणत्या वहीत रकाना असतो?

आमच्या बदलीची त्यांच्या उठण्याशी बरोबरी करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आम्हांस पुन्हा कधी सेमाडोहला येता येईल; आमचे घर दुसऱ्या शिक्षकासाठी उभेच आहे. इतकेच की, नऊ वर्षे शेजारी राहून ही गोष्ट आम्ही कधी विचारली नव्हती, आणि तो ती आमच्या ट्रकच्या चाकाशी बसून आपणहून सांगत होता.

याच अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेल्या गाडगे महाराजांचे सारे बिऱ्हाड म्हणजे अंगावरच्या चिंध्या आणि हातातले गाडगे. त्यांस बांधाबांध करावी लागली नाही, पण दुसऱ्यांची गाठोडी टेकावी म्हणून त्यांनी जागोजाग धर्मशाळा उभ्या केल्या. आम्ही संसारी माणसे. आमच्याच्याने गाडग्यावर भागणार नाही. दुसऱ्याचे गाठोडे उचलताना त्यात काय राहिले, हे विचारणे मात्र आम्हांसही जमण्याजोगे होते.

ट्रक घाट उतरून परतवाड्याच्या सपाटीला लागला तेव्हा ऊन कडक झाले होते. अमरावतीस पोहोचल्यावर वही उघडून नग तपासले. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस आले. एका बरणीस तडा, बाकी क्षेम. स्टोव्हही आला, पिनांसह. म्हाताऱ्याच्या गाठी तेवढ्या कात्री न लावता सुटल्या.

दोन दिवसांनी वही चाळताना शेवटच्या पानावर मुलीचे अक्षर दिसले. तिने आकडे पुढे चालविले होते. नग 44, शाळेमागचा मोह. नग 45, नदीवरचे गोटे. नग 46, दोर बांधणारे आजोबा. पुढचा ‘पोहोचले’ हा रकाना तिने आमच्यासाठी कोरा ठेवला आहे. तो कसा भरावा याचा आम्ही अद्याप विचार करीत आहोत.