नऊ आण्यांचे उत्तर

दर आठवड्याला सदर लिहिणाऱ्या माणसाला हळूहळू एक खोड जडते. समोर दिसेल त्याला तो गुण देत सुटतो. मास्तरकीत तर ही खोड आधीच अंगात मुरलेली असते. गेली काही वर्षे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका छोट्या वृत्तपत्रात मी रविवारी लिहितो आहे. राजकारण, साहित्य, सणवार, बिघडलेली भाषा, बिघडलेली पिढी. विषयाला तोटा नाही. चहाच्या टपरीवर कोणी ‘सर, आज चांगलं हाणलं’ म्हणाले की पुढले दोन दिवस मी जरा ताठ चालतो.

पण यंदा पावसाळ्यात एका रविवारी हाणायला काही मिळेना. त्याच आठवड्यात जवळच्या खेड्यातली एक मुलगी एका मुलाबरोबर घर सोडून निघून गेली होती. मी लेखणी सरसावली. नाव-गाव लिहिले नाही. तेवढी सभ्यता आम्ही पाळतो! पण शिकलेल्या मुलींचे सुटलेले भान, आयांचे दुर्लक्ष, संस्कारांची पडझड असे सगळे एका लेखात कोंबले आणि शेवटी चारित्र्यावर दोन घोटीव वाक्ये ठेवून दिली. त्या रविवारी टपरीवर चहाचे पैसे कोणी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात ताराबाई शिंद्यांचा तास होता. हा तास मी दरवर्षी मोठ्या तोऱ्यात घेतो, कारण ताराबाई आमच्या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपले नवजात मूल मारल्याचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेपेवर आली आणि पुढे आणखी कमी झाली. पण वर्तमानपत्रांच्या न्यायालयात अपील नसते. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ने त्या निमित्ताने सगळ्या बायकांच्या वर्तनावर कोरडे ओढले. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते वाचले आणि उत्तर लिहिले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली गेली. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जे दुर्गुण तुम्ही बाईच्या पदरात बांधता ते पुरुषात नाहीत काय, हा त्यांचा साधा सवाल. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून लेखिकेची पाठराखण केली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. हेही पुढे विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

एवढे सांगून मी माझे नेहमीचे वाक्य टाकले: “‘पुणे वैभव’चे ते लेख आज आपल्याला माहीत आहेत ते एका हेडक्लार्कच्या मुलीने त्यांना उत्तर दिले म्हणून.” या वाक्यावर वर्ग दरवर्षी खूश होतो. त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“सर, कालच्या तुमच्या लेखात त्या पोराबद्दल एकही ओळ नव्हती. राहून गेली काय?”

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. मी घड्याळाकडे पाहिले आणि पुढल्या कवीकडे वळलो.

पण पंधरवड्याने हजेरी घेताना पहिल्या वर्षाच्या वर्गात एक नाव सारखे गैरहजर येऊ लागले. चौकशी केली तेव्हा कळले, ती त्या घर सोडून गेलेल्या मुलीची धाकटी बहीण. नाव मी लिहिले नव्हते खरे. पण आमच्या भागात नाव लिहावे लागत नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिले. ते माझ्यावर चिडतील, चार शब्द सुनावतील, मग मी क्षमा मागेन, असा माझ्या मनात एक प्रवेश तयार होता. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही लिहिलं ते बराबरच हाय सर. म्हनूनच तं लहानीले घरीच ठेवलं.”

आतल्या दाराच्या पडद्यामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

इतकी वर्षे मला वाटत होते की माझे लिखाण कोणी मनावर घेत नाही. सदर लिहिणारे सगळेच अशी तक्रार करतात. त्या ओसरीवर मला प्रथमच असा वाचक भेटला, ज्याने माझा शब्द न् शब्द खरा मानला होता. त्याच्यापुढे बसून मला माझेच वाक्य खोडता येईना. संस्कारांवर मी आयुष्यभर बोलत आलो आहे. पण दुसऱ्याच्या घरातले दुःख उचलून त्यावर आपले सदर भरू नये, हा संस्कार माझ्यावरच व्हायचा राहिला होता.

पुढच्या रविवारी मी लिहिले की, माझे चुकले. मी अर्ध्याच माणसांचा न्याय केला आणि तोही न विचारता. टपरीवर एक स्नेही म्हणाले, “सर, या वेळी जरा मिळमिळीत झालं.” चहाचे पैसे मी दिले.

त्या घरी मी आणखी दोनदा जाऊन आलो. वाद घातला नाही. दुसऱ्या खेपेला ‘स्त्रीपुरुष तुलना’ची प्रत नेली आणि पडद्याच्या दिशेने ओसरीवर ठेवली. निघताना वडील म्हणाले, “दिवाळी झाली की पाहू.”

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी आलेलीच असेल. सुट्टीनंतर कॉलेज उघडेल. कार्यालयातून त्या नावावर काट मारायची का, अशी विचारणा झाली होती; मी नको म्हटले आहे. हजेरी घेताना ते नाव मी पुकारणार आहे, आणि ‘हजर’ ऐकू येते का म्हणून जरासा थांबणार आहे.