व्हिडिओतला फुलकिडा कुठं जातो?

कपाशीवरचा फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा, पानाखाली शिरेच्या कडेला बसणारा. आपल्या मोबाईलात तो दिसतो. तोच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर वनामकृविच्या शास्त्रज्ञांकडे पोचेपर्यंत फुलकिडा गायब! मग ते विचारणार, तुडतुडे आहेत का फुलकिडे? अन् आपलं औषध अंदाजानं.

त्याचं असंय, एका मिनिटाचा फुल एचडी व्हिडिओ शंभर एमबीच्या आसपास जातो. तो लहान करताना आधीच्या चित्रासारखा जो भाग आहे तो परत साठवत नाहीत, अन् बारीक खुणा पुसतात. बारीक खूण म्हंजे नेमकी आपली कीड! वारं सुटलं, हात हलला की प्रत्येक चित्र नवं. मग सगळी जागा त्यातच जाते अन् पान धुरकट होतं.

म्हणून मी पान तोडून सावलीत ठेवतो, कोपर गुडघ्याला टेकवून दहा-पंधरा सेकंदच घेतो. वर गाणं लावत नाही (पोरांना तेवढंच सुचतं). पाठवताना गॅलरीतून नाही, ‘डॉक्युमेंट’मधून. तिथून दोन जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. पालमच्या शिवारात रेंज रडवते खरी, पण पंधरा सेकंदांचा व्हिडिओ निघतो. रानात पाणी साचल्याचा असला तर लहान करूनच टाका, तिथं काही बिघडत नाही.

सोबत पेरणीची तारीख, वाण अन् आधी काय फवारलं ते लिहा.