सवलतीचा हिशोब कोणी घ्यायचा?

जोह्यात कारखाना म्हटले की तो गणपतीचा. पत्र्याची शेड, साचे, काथ्या, रंगाचे डबे आणि पावसाच्या तोंडावर रात्रीचा दिवस. आम्ही बौद्धवाडीतली माणसे गणपती पूजत नाही. पण मूर्ती घासून, रंगवून आमच्या कित्येक घरांची चूल पेटली. कोणी हसले तर हसो, मजुरीला लाज कसली! या कारखान्यांना करमाफीचे आमिष दाखवून कोणी इथे बोलावून आणले नव्हते.

मोठ्या कंपन्यांचे तसे नसते. महाराष्ट्र सरकार 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवत आले आहे. तालुक्यांचे गट पाडायचे, पुढारलेल्या भागाला सवलत कमी, मागासलेल्याला जास्त. हेतू चांगलाच. पूर्वी विक्रीकर माफ व्हायचा किंवा पुढे ढकलला जायचा. अलीकडच्या योजनांत राज्याच्या जीएसटीचा हिस्सा कंपनीला परत मिळतो. म्हणजे साबणाच्या वडीवर तुम्ही-आम्ही भरलेलाच पैसा. हे आम्हाला आमच्या मुलाने समजावले. तो आयटीआयचा फिटर. रोह्याकडच्या एका कंपनीत पाच वर्षे आहे, पण हजेरी ठेकेदाराच्या वहीत. वर्षातून एकदा ब्रेक, मग पुन्हा नवे कार्ड.

सवलतीचा सर्वांत मोठा डाव आम्ही सेझच्या वेळी पाहिला. 2005 च्या कायद्याने सेझमधल्या कंपन्यांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढची पाच वर्षे निम्मा आयकर माफ केला. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 45 गावांची जमीन रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी घेण्याचे ठरले. शेतकरी उठले, प्रा. एन. डी. पाटील त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आमची जमीन हेटवणे धरणाच्या पाण्याखाली येणारी आहे, ती कंपनीला का द्यायची, हा त्यांचा सवाल होता. अखेर 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील 22 गावांत सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. 2009 मध्ये भूसंपादनाची मुदत संपली आणि सेझ बारगळला.

आम्हाला आनंद झाला, पण एक सल राहिली. कौल खातेदारांचा होता. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला विचारले. त्याच शेतात लावणी-कापणी करणाऱ्या बिनजमिनीच्या बाईला कोणी विचारले नाही. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हाही प्रश्न हाच होता: कसणारा कोण आणि कागदावर कोण. खरे सांगायचे तर आमच्या घरातही दोन तट होते. म्हातारी म्हणे, शेत गेले तर मजुरी गेली. पोरे म्हणत, शेतात तरी आपले काय आहे, निदान नोकरी लागेल.

ती नोकरी लागली असती का? 2014 साली कॅगने देशातल्या सेझांचा हिशोब तपासला. 152 सेझांनी मिळून सुमारे 39 लाख रोजगारांचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात निघाले सुमारे 2 लाख 85 हजार. शंभरात सातच. आणि 2006-07 ते 2012-13 या काळात सरकारने सोडून दिलेला कर 83 हजार कोटींच्या वर. पोरांना हे आकडे दाखवले तेव्हा ती गप्प झाली. म्हातारीला मात्र नवल वाटले नाही.

आणि जे सात निघाले, तेही सवलतीमुळेच निघाले कशावरून? बंदर जवळ, मुंबई जवळ, रेल्वे दाराशी. अशा जागी कंपनी तशीही आली असती, तर माफ केलेला कर पाण्यात गेला. दुसऱ्या तालुक्यातली कंपनी इकडे आली, तर इथे भर आणि तिथे खड्डा. घोषणेच्या दिवशी आकडा छापून येतो. पाच वर्षांनी फाटकापाशी जाऊन माणसे मोजायला कोण येते? सवलत घेणाऱ्याने 80 टक्के स्थानिक माणसे घ्यावीत अशी अट आहे म्हणतात. पण स्थानिक म्हणजे 15 वर्षे महाराष्ट्रात राहिलेला. जोह्याचा पोरगा त्यात असेलच असे नाही.

मागच्या रविवारी मुलाने घरीच माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. आम्ही शेजारी बसून एकेक ओळ वाचून घेतली. अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्राला तीनच गोष्टी विचारल्या आहेत: पेण आणि रोहा तालुक्यांत कोणाला किती सवलत मिळाली, त्या बदल्यात कायम कामगार किती, आणि ठेकेदाराची माणसे त्या आकड्यात धरली आहेत का. दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज पोस्टात टाकला. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. आले की याच पानावर कळवू.