टायरचे टक्केटोणपे

टायर ही वस्तू वाचायची असते, हे पुष्कळांना आयुष्यभर कळत नाही. टायरकडे आपण दोनच प्रसंगी बघतो. एक, त्यातली हवा गेल्यावर. आणि दुसरं, पंक्चरवाला मान हलवून ‘साहेब, हा गेलाय’ असं म्हणतो तेव्हा. मराठीत माणूस, वीज आणि टायर हे तिघे सारख्याच गांभीर्यानं ‘जातात’. परंतु ज्याची आपण एवढी उपेक्षा करतो, त्या टायरच्या बगलेवर त्याची सबंध कुंडली छापलेली असते.

माझ्या स्कूटरच्या टायरवर ९०/१००-१० असं लिहिलेलं आहे. यातला पहिला आकडा रुंदीचा, तो मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीच्या उंचीचा, पण तो मिलिमीटरमध्ये नाही. तो रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा आकडा रिमच्या व्यासाचा, आणि तो चक्क इंचांत! म्हणजे फ्रेंचांचा मिलिमीटर, इंग्रजांचा इंच आणि दोघांचं भांडण होऊ नये म्हणून मध्ये आपल्या वाण्याचा टक्का. बी. कॉम.ला मी जी गणितं सोडवली, त्यांत एकसुद्धा इतकं मिश्र जातीचं नव्हतं.

हे ज्ञान मला झालं ते भाच्यामुळे. आमच्या ताईचा मुलगा अमेरिकेत ओहायोत असतो. दर सोमवारी सकाळी साडेसातला, म्हणजे मी एका हातानं डबा आणि दुसऱ्या हातानं छत्री शोधत असताना, त्याचा फोन येतो. तिकडे तेव्हा रविवारची रात्र असते आणि हा गृहस्थ ऑटोक्रॉस खेळून आलेला असतो.

ऑटोक्रॉस हा मोटारशर्यतीचाच एक प्रकार, पण मध्यमवर्गीय. एखादं मोठं मोकळं पार्किंग किंवा जुनी धावपट्टी घ्यायची, तिच्यावर रस्त्याच्या कामाला ठेवतात तसल्या नारिंगी टोप्या मांडून नागमोडी वाट करायची आणि त्या वाटेनं एकेकानं आपली गाडी जमेल तितक्या वेगानं काढायची. एक फेरी साधारण मिनिटभराची. वेळ मोजतात ती सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि एक टोपी पाडली की दोन सेकंद दंड. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच. आपली फेरी नसेल तेव्हा स्पर्धकांनीच उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेल्या टोप्या उचलायच्या. म्हणजे नवऱ्या मुलानंच मधूनमधून पंगत वाढायची. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ नावाचा १९४४ साली निघालेला क्लब आहे, तो या खेळाला ‘सोलो’ म्हणतो. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासूनची. २००९ साली ती नेब्रास्कातल्या लिंकन या गावी नेली, आणि तिला हजाराहून अधिक गाड्या जमतात.

ताईला हे कळलं तेव्हा ‘रेस’ एवढाच शब्द तिच्या कानावर पडला होता. ‘आपल्या घराण्यात रेसचा नाद कुणाला नव्हता रे,’ ती डोळ्याला पदर लावून म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर घोडे होते. घोडे नसून मोटारी आहेत, हे सांगितल्यावर ती जास्तच घाबरली. मग मी समजावलं, की अगं, एका वेळी एकच गाडी सोडतात, समोरून कुणी येत नाही, मागून कुणी येत नाही, धोका फक्त टोप्यांना.

‘एकटाच धावतो?’

‘हो.’

‘मग दुसरा कसा येतो?’

या प्रश्नातच भाच्याचं सगळं दुःख होतं. तो सारखा दुसरा येत होता. पहिले येत होते ते एक निवृत्त मास्तर, वय सत्तरच्या पुढे. दोघांची गाडीही एकच : १९९९ सालची माझदा मियाटा, दोन माणसांची, उघड्या टपाची, सगळं मिळून टनाच्या आसपास वजन. फरक होता तो चाकांत. भाच्याच्या गाडीला कंपनीनं दिलेली चौदा इंची चाकं आणि १८५/६० आर १४ हे टायर. मास्तरांच्या गाडीला पंधरा इंची चाकं आणि नवेकोरे चिकट टायर. (यातला ‘आर’ म्हणजे रेडियल. ‘रेसिंग’ नव्हे, हे मी ताईला मुद्दाम सांगून ठेवलं.) आता पराभवाचं कारण इतकं गोल आणि काळंभोर समोर दिसत असताना माणूस स्वतःत कशाला डोकावेल? भाच्यानं चाकं बदलायचं ठरवलं.

‘मामा, तू मला हिशेब तपासून दे,’ तो म्हणाला.

आता हा कॉम्प्युटर इंजिनिअर. त्याला माझ्या हिशेबाची काय गरज? मी तसं विचारलंही. तेव्हा खरं कारण बाहेर आलं. ‘हिशेब मी पन्नास वेळा केलाय. मला नाही म्हणणारा माणूस हवाय. तू बँकेत आहेस.’

माझ्या नोकरीचं इतकं अचूक वर्णन आमच्या साहेबांनासुद्धा कधी जमलं नव्हतं.

मी पाठकोऱ्या कागदावर खातं उघडलं. पहिली नोंद जुन्या टायरची. १८५चे ६० टक्के म्हणजे १११. टायरची भिंत वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून दुप्पट, २२२. त्यात चौदा इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. एकूण उंची ५७७.६. दुसरी नोंद १९५/५० आर १५. पन्नास टक्क्यांचा टायर हिशेबनिसाला फार सोयीचा, कारण दोन्ही भिंतींची बेरीज रुंदीइतकीच येते. १९५ अधिक ३८१, एकूण ५७६. म्हणजे चाक एका इंचानं वाढलं, रुंदी दहा मिलिमीटरनं वाढली आणि उंचीत फरक फक्त १.६ मिलिमीटर! इतकी जवळची टॅली आमच्या शाखेत मार्चअखेरीलासुद्धा लागत नाही. तिसरी नोंद २०५/५० आर १५ : ५८६. चौथी, जिच्यावर भाच्याचा जीव जडला होता ती, २२५/४५ आर १५ : ५८३.५.

‘मग चारांत वाईट कोणता?’ मी विचारलं.

‘वाईट कुठलाच नाही, तीच पंचाईत आहे,’ तो म्हणाला.

आणि पंचाईत खरीच होती. टायर उंच झाला की गाडी सुटताना किंचित जड होते. ५७७ वरून ५८६ म्हणजे जवळजवळ दीड टक्का. (दीड टक्क्यासाठी लोक ठेवी मोडून दुसऱ्या बँकेत नेतात, तेव्हा याला किरकोळ म्हणू नये.) पण तोच दीड टक्का दुसरा गिअर तेवढा लांब पुरवतो. नाहीतर एखाद्या सरळ पट्ट्यात ऐन वेळी गिअर संपतो, तिसरा टाकावा लागतो, आणि हजाराव्या भागात मोजणाऱ्या घड्याळापुढे ती चैन परवडत नाही.

रुंदीचं तसंच. रबर जास्त तर पकड जास्त, हे खरं. पण त्या रबराला बसायला तेवढी रुंद रिम पाहिजे. भाच्याच्या गाडीची रिम सहा इंच रुंद. तिच्यावर २०५चा टायर कंपन्यांच्या तक्त्याप्रमाणे चालतो. २२५/४५ला मात्र तक्ता किमान सात इंच मागतो. अरुंद रिमवर जाड टायर म्हणजे बत्तीस इंची पँटीत चाळीस इंची माणूस. बसतो, पण वळताना आधी पोट वळतं आणि मग मागाहून माणूस. टायर असा कलंडतो किती, हे पाहायला हे लोक टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारतात आणि फेरी झाली की रेघ कुठपर्यंत पुसली ते बघतात. अमेरिकेत जाऊन शेवटी पाटी-खडूच!

बरं, रुंद रिम घ्यावी तर ती सहसा वजनाला जास्त. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं आणि ते दर वेळी फिरवावं लागतं, दर वेळी थांबवावं लागतं. पाठीवरच्या पिशवीपेक्षा पायातल्या ओल्या बुटांचं ओझं माणसाला अधिक जाणवतं, तसं. शिवाय असला चिकट टायर थोडा तापल्याशिवाय नीट पकडत नाही. हलक्या गाडीला फार रुंद टायर घातला, तर थंडीच्या दिवसांत तो मिनिटभरात तापतच नाही. तापायला लागतो तेव्हा फेरी संपलेली असते. उलट उन्हाळ्यात एकच गाडी दोघे आलटूनपालटून चालवत असतील तर टायर इतके तापतात, की मध्येच पंप घेऊन त्यांच्यावर पाणी फवारतात. ओहायोतले टायर आमच्याकडच्या वाळ्याच्या ताट्यांपेक्षा सुखात राहतात.

हे सगळं ऐकून घेतल्यावर मी खात्यातला मुद्दा काढला. ‘नियम काय म्हणतात?’

बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हाच प्रश्न आधी सुचतो, आणि योगायोग असा, की या खेळात तोच आधी विचारायचा असतो. आधी वर्ग ठरवायचा. वर्गानं रिम ठरते, रिमनं टायर ठरतो, आणि उंची उरलेल्यातून निवडायची. लोक उलट्या टोकानं सुरुवात करतात आणि खिसा शेवटी तपासतात. भाचा ज्या ‘स्ट्रीट’ वर्गात खेळतो, तिथे रिमची रुंदी कंपनीनं दिली तेवढीच ठेवावी लागते. व्यास एक इंच वर किंवा खाली चालतो. रिम बाहेर-आत किती बसावी, यालाही सातेक मिलिमीटरचीच मुभा. टायर मात्र बसेल तो घाला, पण त्याचा झिजेचा आकडा २०० किंवा अधिक हवा. हा आकडा कोण ठरवतं, म्हणून मी विचारलं. तर टायर बनवणारी कंपनी स्वतःच! कर्जदारानंच आपली पत ठरवून अर्जावर लिहून आणावी, असा हा प्रकार; पण तो अमेरिकेचा प्रश्न आहे.

भाच्याला हव्या होत्या आठ इंच रुंद रिमा आणि त्यांवर २२५चे टायर. खर्च सोळाशे डॉलर. आणि आठ इंची रिम घातली की स्ट्रीट वर्ग सुटला! मग वरच्या वर्गात जायचं. तिथे ज्यांनी स्प्रिंगा, शॉकअॅब्सॉर्बर, सायलेन्सर सगळंच बदललंय, त्यांच्या पंगतीला बसायचं. नवा सोफा आणला की पडदे जुने दिसायला लागतात. पडदे बदलले की भिंतींचा रंग उडालेला दिसतो. आणि रंग देऊन झाल्यावर ध्यानात येतं, की आपल्याला फक्त बसायचं होतं. आपल्यासारख्यांचा कडक नियमांवर उगीच राग असतो. परंतु ‘यापुढे खर्च करायचा नाही’ असं सांगणारा नियम हा मध्यमवर्गीय माणसाचा सख्खा भाऊ आहे. तो नसता, तर निवृत्त मास्तरांनी एखाद्या डॉक्टरच्या गाडीशी कशाच्या जोरावर टक्कर दिली असती?

‘आणि हे सोळाशे आले कुठून?’ मी विचारलं.

पलीकडे शांतता. अशी शांतता मी काउंटरवर पुष्कळ ऐकली आहे. ‘आई-बाबांच्या तिकिटांसाठी साठवतोय त्यातले. पण तिला सांगू नकोस.’

गिऱ्हाइकाच्या खात्यातली गोष्ट बाहेर बोलायची नाही, ही आमची शिस्त. म्हणून मी ताईला काही सांगितलं नाही. भाच्याला एवढंच म्हणालो, ‘पुढच्या रविवारी मास्तरांना तुझ्या गाडीतून एक फेरी मारायला सांग. मग बघू.’

तिकडे दिवस संपला की काही वेळा हौसेच्या फेऱ्या असतात. त्यांत कुणीही कुणाची गाडी चालवतो. पुढच्या सोमवारी मी डबा आणि छत्री दोन्ही आधीच शोधून ठेवले आणि फोनजवळ बसलो.

‘मामा,’ तो म्हणाला, ‘त्यांनी माझ्याच गाडीत, माझ्याच जुन्या टायरवर, माझ्यापेक्षा सव्वा सेकंद कमी घेतला.’

‘मग?’

‘उतरले आणि म्हणाले, गाडी छान आहे, फक्त टायर घे, हे गेलेत.’

म्हणजे ‘गेले’ हे तिकडेही म्हणतातच. मास्तर माणूस खरा. सव्वा सेकंदाचा धडा त्यांनी पोराला न बोलता दिला, आणि टायरला मात्र टायरचा न्याय दिला. कारण टायर महत्त्वाचा नाही असं नव्हेच. गाडी जमिनीला शिवते ती चार तळव्यांएवढ्या जागेवर, तिथे काटकसर करणं हा शहाणपणा नाही. काटकसर करायची ती रिमच्या रुंदीत.

मी कर्ज मंजूर केलं, पण रक्कम कमी करून. त्याच मॉडेलच्या काही गाड्यांना कंपनीनंच पंधरा इंची, सहा इंच रुंद रिमा दिल्या होत्या. तसा संच भाच्याला गाड्यांच्या भंगारात दीडशे डॉलरला मिळाला. त्यावर २०५/५० आर १५ चार टायर. एकूण आठशेच्या आत, वर्ग तोच, आणि बाकीचे आठशे जिथल्या तिथे. जुनी चाकं रोज ऑफिसला, नवी चाकं रविवारी. रोजचं लुगडं आणि सणाची पैठणी, हा हिशेब आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

भाचा अजून दुसराच येतो. अंतर तेवढं कमी झालंय. मागच्या खेपेला ते एक दशांशावर आलं होतं, आणि एक टोपी पडली नसती तर काय झालं असतं, यावर आम्ही फोनवर अर्धा तास बोललो. मला बँकेत लेट मार्क मिळाला.

ताई आणि भावोजींची तिकिटं झाली आहेत. जूनमध्ये निघतील. परवा ताईनं मला बाजूला घेऊन सगळं पुन्हा नीट समजावून घेतलं. टायरमध्ये तिला रस नव्हता. टोपी पाडली की किती सेकंद, ती कोण उचलतं, ती परत कुठे ठेवायची हे कसं कळतं, एवढंच तिनं विचारलं. टोपीच्या बुडाभोवती जमिनीवर खूण आखलेली असते, असं मी सांगितलं.

‘म्हणजे रांगोळीच्या ठिपक्यावर पणती ठेवायची तसंच ना?’ ती म्हणाली. ‘मग मी उभी राहीन तिथे. माझ्या पोरानं पाडलेली टोपी कुणी बघायच्या आत उभी करते की नाही बघ!’