न सुटणारा नट

आजचा धागा एका नटाविषयी आहे. रंगभूमीवरचा नव्हे, लोखंडाचा, गंजलेला, आणि घरातल्या कोणाच्याही आठवणीत कधी न फिरलेला.

आमच्या शेलारच्या घरात माळ्यावर कोळशाची एक शेगडी होती. पत्र्याचे गोल अंग, तीन पाय, आत बिडाची जाळी आणि ती धरून ठेवणारे लोखंडी कडे. कडे चार बोल्टांनी आवळलेले, जाळी मधोमध तडकलेली, आणि राख काढायचे खालचे दार बिजागरीत घट्ट बसलेले. 1982 च्या संपानंतर आजोबा लालबागची खोली सोडून भिवंडीकडे आले, तेव्हा सामानासोबत ही शेगडी आली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. गिरण्यांचे बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले आणि कामाच्या मागोमाग काही माणसेही आली. एवढे पुस्तकांत सापडते. शेगडी कोणत्याच पुस्तकात नाही.

तिच्याविषयी घरात दोन मते आहेत. आजी सांगते, आजोबांनी ती गिरणीच्या वर्कशॉपमध्ये साचेखात्यातल्या भंगारातून स्वतः बनवली. काकांच्या मते ती बाजारातून आणलेली साधी शेगडी; आजी आठवणींना साखर लावते. जाळी बदलायची ठरली तेव्हा काकांनी ग्राइंडर मागवायची तयारी केली. “दोन रुपयांच्या बोल्टासाठी एवढा खटाटोप कशाला?” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण बोल्ट कापला की आटे जातात, आणि मला हवे होते ते आटेच.

कारण असे. 1841 पर्यंत इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि आट्याचा कोन 55 अंश ठरवून प्रत्येक जाडीसाठी एका इंचात किती आटे असावेत याचे कोष्टक मांडले. पुढे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत आली, त्यांच्यासोबत इंचाचे बोल्ट आणि इंचाचे पानेही आले. भारतात मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. पण कायदा झाला म्हणून फिटरच्या पेटीतले पाने बदलत नाहीत. इंचाचे आटे पुढेही पुष्कळ वर्षे चालत राहिले.

आता गंमत पाहा. 5/16 इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट 7.94 मिलिमीटर जाडीचा, आणि आजचा मेट्रिक बोल्ट 8 मिलिमीटरचा. गंजलेल्या अवस्थेत हा फरक दिसणे अशक्य. आटे मोजले तर मात्र पहिल्यात इंचाला 18 आणि दुसऱ्यात 20 हून किंचित जास्त. म्हणजे बोल्ट अखंड बाहेर आला तरच तो बोलणार.

लोखंड असे जाम का होते? गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीकशा फटीत तो पाचरीसारखा फुगून बसतो. त्यात लाकडी कोळशाची राख क्षारयुक्त, हवेतले पाणी ओढून घेणारी. राख न काढता शेगडी माळ्यावर टाकली आणि वर भिवंडीचे पावसाळे लोटले, की निराळ्या शत्रूची गरज उरत नाही.

काम हाती घेतले ते शेजारच्या यंत्रमाग कारखान्यातल्या जॉबरनी. सारी आळी त्यांना चाचा म्हणते. (मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात जॉबर म्हणजे मजूर आणणारा, त्यांच्यावर हुकमत चालवणारा माणूस. भिवंडीत त्या शब्दाला मागाचे दुखणे ओळखणारा हात एवढाच अर्थ उरला आहे. शब्दाच्या या घसरणीवर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा.) 13 चा पाना नटावर चढेना, 14 चा घसरू लागला. चाचांनी भुवया उंचावल्या, बोलले काहीच नाहीत. तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ केले आणि घासलेटात थोडे मशीन ऑइल मिसळून प्रत्येक नटावर थेंब थेंब सोडले. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. मध्येमध्ये नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके टोले, म्हणजे गंजाला बारीक तडे जाऊन तेलाला वाट मिळते.

चौथ्या दिवशी पाना लावला तो उलटा. “आधी जरा आवळायचं, मग सोडायचं. एकाच बाजूला ओढलं की मान तुटते.” दोन नट आवळताना कुरकुरले आणि पाव-पाव फेरा पुढेमागे करत सुटले. तिसरा हलेना. मग तेल पुसून शेगडी दिवसभर उन्हात ठेवली, कारण घासलेट आणि ज्योत यांची गाठ घालायची नसते, आणि अंगणात गॅसच्या बत्तीने नट तापवला. बोल्ट नव्हे, नटच. 300 अंशांनी तापलेल्या नटाचे 8 मिलिमीटरचे भोक जेमतेम 0.03 मिलिमीटरने वाढते. केसाच्या जाडीच्या निम्मेही नाही. पण बोल्ट तापायच्या आत तेवढी फट पुरते. नट जरा निवल्यावर चाचांनी मेणबत्ती टेकवली. वितळलेले मेण आट्यांत आपोआप ओढले गेले. तिसरा सुटला.

तिन्ही बोल्ट पट्टीशेजारी ठेवून मी भिंगाखाली मोजले. दोघांच्या इंचात 18 आटे. तापवून सुटलेल्या तिसऱ्याच्या 20. म्हणजे मूळ शेगडी इंचाच्या बोल्टांची, आणि पुढे केव्हातरी कोणीतरी ती उघडून मेट्रिक बोल्ट घातलेला. यातून शेगडी गिरणीत बनली असे सिद्ध होत नाही. तसले बोल्ट मुंबईच्या बाजारातही मिळत. आजीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग दाराची मूठ बघ की.”

दाराची बिजागरी तोवर तेलाने मोकळी झाली होती. लाकडी मुठीवरची काजळी पुसली तर खाली एकसारख्या अंतरावर कोरलेल्या खाचा निघाल्या: बाण्याचे सूत गुंडाळायची, कापून आखूड केलेली कांडी. काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, कांड्या काय भिवंडीतही पोत्याने मिळतात. मूठ इथे आल्यावर बसवली नसेल कशावरून? हा आक्षेप मला खोडता आलेला नाही, आणि तो माझ्या वहीत आजीच्या साक्षीखालीच लिहिला आहे.

चौथा बोल्ट मी सोडवू दिला नाही. पाना लावला की तो नटाबरोबर पिळला जात होता. आणखी जोर म्हणजे तुकडा. तिघे निघाल्यावर कडे त्या एकाभोवती फिरवता आले, तडकलेली जाळी सरकवून काढली आणि नवी बसवली. अंगणात, उघड्यावर, शेगडी पेटली. भरताची दोन वांगी आणि सुके बोंबील भाजून झाले. राख त्याच रात्री काढली. चौथ्या नटाला पुन्हा घासलेट पाजणे चालू आहे. चाचा म्हणतात, पावसाळा सरला की बघू.