खाचर, पोळे आणि माची

निसर्गात कोणी कोणाला हुकूम सोडत नाही, तरी कामे वेळेवर होतात. पाणी उतार शोधते, माशी फुलाशी पोहोचते, पडलेल्या पानाचे खत होते. ही कामे रचनेच्या जोरावर चालतात. एखादी संस्था चालवणाऱ्याला, मग तो दूध डेअरीचा चेअरमन असो, शाळेचा मुख्याध्यापक असो की कारखान्याचा व्यवस्थापक, निसर्गाकडून घेण्यासारखा मोठा धडा हाच आहे. माणसांना सतत हाकत राहण्यापेक्षा, त्यांचे काम आपल्या वाटेने पुढे जाईल अशी मांडणी करणे हे नेतृत्वाचे खरे काम.

अशी मांडणी पाहायची तर पुणे-सातारा रस्त्याने निघावे. नसरापूर मागे टाकले की कामथडी येते. पश्चिमेला वेल्ह्याच्या अंगाला राजगड आणि तोरणा पाऊस अंगावर घेत उभे असतात. पूर्वेकडे जावे तसा तोच पाऊस हात आखडता घेतो. कानंदी, गुंजवणी, शिवगंगा डोंगरातले पाणी घेऊन नीरेच्या वाटेला लागतात. मावळ जिथे देशाला भेटतो त्या या पट्ट्यात माणसाची शेती, घर आणि राज्यही डोंगराच्या आणि पाण्याच्या कलाने उभे राहिले.

पहिला धडा भातखाचरांचा. मावळातला उतार म्हणजे पाण्याला पळायला मोकळे रान. शेतकऱ्याने तो उतार मोडून काढला नाही; त्याच्या पायऱ्या केल्या. प्रत्येक खाचराला मातीचा बांध, आणि बांधाला एका ठिकाणी पाणी सोडण्यापुरती वाट. वरचे खाचर भरले की जास्तीचे पाणी त्या वाटेने खालच्यात उतरते. आषाढात चिखलणी चालू असताना बांधावर उभे राहिले की ही व्यवस्था डोळ्यांसमोर उलगडते: वरच्या खाचरात गुडघाभर चिखलात बैल, मधल्यात रोपांच्या मुठी टाकलेल्या, खालच्यात ओणव्या बायांची रांग मागे सरकत लावणी करणारी, आणि या सगळ्यांमधून एकच पाणी गढूळ होत, निवळत खाली चाललेले. वरच्याने बांध वाजवीपेक्षा उंच केला तर त्याचेच रोप कुजते आणि खालचे वाळते. अधिकार, पैसा आणि माहिती यांचेही असेच आहे. वरच्या टेबलावर गरजेपुरते थांबावे आणि उरलेले खाली उतरावे, तरच सगळे शेत पिकते. लावणीला हात कमी पडले की गाव इर्जिक घालते. आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. घाईचा काळ सगळ्यांचा एकच असतो, म्हणून मदतीची पाळी आधीच ठरलेली बरी, हेही शहाणपण त्यातलेच.

दुसरा धडा मधमाश्यांचा. या डोंगरांत झाडांच्या ढोलीत सातेरी माश्या नांदतात, कड्यांना आग्या माश्यांची मोहळे लटकतात. पोळ्यात राणी असते म्हणून ती राज्य करते असा समज सहज होतो. प्रत्यक्षात राणीचे काम अंडी घालण्याचे आणि आपल्या गंधाने वसाहत एकत्र ठेवण्याचे. नवे घर कुठे करायचे हा सर्वांत मोठा निर्णय ती घेत नाही. मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने 1950च्या सुमारास आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस सीली यांनी युरोपीय मधमाश्यांवर याचा बारकाईने अभ्यास केला. थवा फांदीवर लटकलेला असताना काही शे वयस्क माश्या जागा शोधायला निघतात. जागा सापडली की परत येऊन त्या नाचातून तिची दिशा आणि अंतर सांगतात. जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो. दुसरी माशी नुसत्या सांगण्यावर भुलत नाही, स्वतः जाऊन जागा पाहून येते आणि मगच नाचते. आपल्या जागेची बाजू मांडणारी माशी प्रत्येक खेपेला थोडे कमी नाचते आणि शेवटी थांबते, त्यामुळे हट्टाला जागा उरत नाही. एखाद्या ढोलीपाशी एका वेळी वीस-तीस माश्या जमल्या की निर्णय झाला आणि थवा उडाला.

बैठकीच्या खुर्चीत बसणाऱ्याने यातून तीन गोष्टी उचलाव्यात. अनेक पर्याय मोकळेपणाने पुढे येऊ द्यावेत. प्रत्येकाने स्वतः पाहून मत द्यावे, वरिष्ठांचे तोंड पाहून नव्हे. आणि पुरेसे मत जमल्यावर चर्चा लांबवू नये.

तिसरा धडा धीराचा. सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी सात वर्षे नुसती वाढते आणि मग एकाच हंगामात सगळे डोंगर जांभळे करून टाकते. फुलोऱ्यानंतर ती सुकते आणि तिच्या बियांतून नवी पिढी उभी राहते. इतकी वर्षे फुले दिसली नाहीत म्हणून कारवी वाया गेली असे मावळातला माणूस म्हणत नाही. तिच्याच काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपून तो घराच्या भिंती करत आला. दर तिमाहीला फळ मागणाऱ्या संस्थेने काही कामांना कारवीइतका अवधी दिलाच पाहिजे.

देवराईचा अवधी त्याहून लांब, पिढ्यांचा. भोर-वेल्ह्यात देवाच्या नावाने राखलेली अशी राने आजही आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विज्ञानाच्या भाषेत मांडले. वाळकी काटकीही उचलायची नाही हा तिथला नेम. त्यामुळे पाने जागीच कुजतात, माती भुसभुशीत राहते, पाणी मुरते आणि झरा उन्हाळ्यातही टिकतो. सगळेच उपयोगात आणायचे नसते, थोडे राखून ठेवलेलेच अडीअडचणीला उपयोगी पडते, हे प्रत्येक संस्थेच्या गंगाजळीला आणि माणसांच्या उसंतीलाही लागू आहे.

हे धडे पुस्तकी नाहीत, याचा दाखला राजगड देतो. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजी महाराजांनी राजधानीचा गड उभारला तो डोंगराच्या अंगानेच. तीन सोंडांवर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या, मधोमध बालेकिल्ला. तट कड्याच्या वळणाने वळतो. जिथे कडा पुरेसा आहे तिथे चिरा वाया घालवलेला नाही आणि जिथे सोंड उतरती, उघडी आहे तिथे संजीवनीची दुहेरी तटबंदी आहे. प्रत्येक माची स्वतः लढू शकते आणि एक पडली तरी बालेकिल्ला झुंजत राहतो. आपली बलस्थाने ओळखून बळ कमकुवत जागी लावणे आणि प्रत्येक विभागाला स्वतःच्या पायावर उभे करणे, हे नियोजन दगडात कोरलेले तिथे पाहता येते.

मात्र निसर्गाचे सगळेच अनुकरणीय नसते. चारा आटला की मधमाश्या नरांना पोळ्याबाहेर हाकलतात. दाट रानात सावलीत अडकलेले रोप मरते. निसर्ग कोणाची गय करत नाही. माणसाच्या संस्थेने तेवढी निर्दयता उचलली तर ती टिकेल, पण राहण्याजोगी उरणार नाही. इथे नेत्याने आपल्या पदरचे काही घालायचे असते. रामचंद्रपंत अमात्यांनी 1716च्या सुमारास राज्यकारभाराविषयी लिहिलेल्या आज्ञापत्रात ते दिसते. आरमाराला लाकूड हवेच होते, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असे ते बजावतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झाड घ्यायचे तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, जुलूम करू नये. झाडाला वाढायला किती काळ लागतो हे त्या राज्यकर्त्याला ठाऊक होते आणि ते वाढवणाऱ्याला काय वाटेल हेही. नेतृत्वाला या दोन्ही जाणिवा लागतात: रचना निसर्गाकडून शिकावी आणि माया माणसाने आपली घालावी.