गोधडीसाठी मशीन घेताय? डिझाइन मोजू नका, जागा मोजा!

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाटात एक पिशवी असते. आईच्या, आजीच्या, सासूबाईंच्या साड्यांची. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. "मुलांसाठी गोधडी करायचीय" असं आपण दर दिवाळीला म्हणतो, आणि बघता बघता मुलं कॉलेजला निघतात.

पिशवी उघडायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, मशीन कुठलं घेऊ? या वर्षी मी त्यात बरीच डोकेफोड केली, म्हणून हे लिहितेय. लेक ऑगस्टमध्ये हॉस्टेलला जाणार आणि माझ्याकडे आईच्या सात सुती साड्या. आई आता नाही. म्हणजे एखादी साडी मशीनने खाल्ली तर आठवी मागायची कुणाकडे?

आपल्याकडे गोधडी हातानेच व्हायची. धावदोरा घालायला दुपार असायची आणि चार बायका असायच्या. आपल्याकडे शनिवारची मराठी शाळा संपल्यावर उरतात ते दोन तास. शिवाय ही गोधडी हॉस्टेलच्या वॉशिंग मशीनमध्ये पडणार, हळुवार हाताने कुणी धुणार नाही. तेव्हा टाका पक्का हवा.

दुकानात किंवा वेबसाइटवर आधी काय दाखवतात? शंभर डिझाइन, फुलं, अक्षरं. गोधडीला लागतो एकच टाका, सरळ टाका. सिंगरचं 1933 मध्ये आलेलं फेदरवेट हे छोटं मशीन फक्त सरळ टाकाच घालतं. वजन जेमतेम 5 किलो. तरी अमेरिकेतल्या क्विल्ट करणाऱ्या बायका आजही ते तुकडे जोडायला आवडीने वापरतात.

मग बघायचं काय?

पहिली गोष्ट, जागा. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतचं अंतर टेपने मोजा. साध्या घरगुती मशीनला ते साधारण 6-7 इंच असतं. ब्लाउज किंवा पडदे शिवताना ते पुरतं. पण अमेरिकेतल्या हॉस्टेलची गादी बहुधा 80 इंच लांब असते. तेवढ्या गोधडीच्या मधोमध टाका घालायचा तर अर्धी गोधडी गुंडाळून त्या फटीत कोंबावी लागते. ती अडकते, आपण ओढतो, आणि टाका वाकडा जातो किंवा सुई मोडते. 9 ते 11 इंच जागा असेल तर मान आणि खांदे वाचतात.

दुसरी, थर. वर तुकडे, मध्ये कापसाचा थर किंवा जुनी चादर, खाली अस्तर. सुईखालचे दाते खालचंच कापड पुढे नेतात, वरचं मागे राहतं आणि सुरकुत्या पडतात. त्यासाठी वॉकिंग फूट लागतो, तो वरचा थरही बरोबरीने सरकवतो. तो मशीनसोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो, हे आधी विचारा. फिरवून फिरवून नक्षी टाचायची असेल तर दाते खाली पाडता येतात का, तेही बघा.

तिसरी, छोट्या सोयी. तुकडे जोडायला पाव इंचाचा फूट. थांबल्यावर सुई कापडातच राहील असं बटण. फूट किती जोरात दाबायचा ते कमी-जास्त करायची सोय. जुनी सुती साडी विरलेली असते, तिला फार दाब सोसत नाही. आणि सुई नवी घाला! बोथट सुई विरलेल्या कापडाला भोकं पाडते.

चौथी गोष्ट खास आपल्यासाठी. भारतातून मशीन आणायचा मोह होतो, पण तिकडची वीज 230 व्होल्टची आणि अमेरिकेतली 120 ची. यूके आणि दुबईवाल्यांना ही अडचण नाही, मात्र अमेरिकेतलं मशीन तुम्ही तिकडे नेऊ नका. राहता त्या देशातच घ्या आणि दुरुस्ती जवळपास कुठे होते ते आधी विचारा.

दुकानात जाताना आपले तिन्ही थर सोबत न्या. साडी नको, जुनी चादर चालेल. मी नेले होते. विक्रेता पातळ, कडक नमुन्याच्या कापडावर टाके दाखवत होता. माझे थर ठेवल्यावर एका मशीनने टाके गाळले, दुसरं कुरकुरलं, तिसरं गुपचूप चालत राहिलं. तिसऱ्यावर डिझाइन सर्वांत कमी होती. तेच घेतलं.

बजेट नसेल तर? आहे त्या मशीनवर फक्त तुकडे जोडा, त्याला मोठी जागा लागत नाही. टाचायला हाताने धावदोरा घाला, किंवा क्विल्टच्या दुकानात मोठ्या लाँगआर्म मशीनवर पैसे देऊन टाचून घ्या. बाळाचं दुपटं तर साध्या मशीनवरही होतं. मशीन नाही म्हणून पिशवी बंद ठेवू नका.

एक मात्र करा. कातर लावण्याआधी मुलांना बोलवा आणि प्रत्येक साडी कुणाची, कधी नेसलेली, ते सांगा. माझ्या लेकीने एक तुकडा स्वतः निवडला, आजीच्या रोजच्या साडीचा. भारी साड्यांकडे तिने बघितलंही नाही. तिला आठवत होती ती हीच, व्हिडिओ कॉलवर दिसणारी.

तुमच्या पिशवीत कुणाच्या साड्या आहेत?